ओव्हरलँडिंगकडे लोक का वळत आहेत, आणि ते कोण आहेत

प्रश्न तीन पदरी आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ओव्हरलँडिंगचे आकर्षण एवढे का वाढले, त्यात भाग घेणारे लोक नेमके कोण असतात, आणि नोकरी व शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला त्यात जागा आहे का, असे विचारले आहे. मी अशा प्रवासांत बराच काळ घालवला आहे, आणि वाहनाची तयारी व वाळू-चिखलातून गाडी चालवणे नवीन लोकांना शिकवतही आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की गाडी पाहून या लोकांची ओळख पटत नाही. त्यांच्या हाती सलग किती दिवस आहेत, हे विचारले की मात्र गाडी, सामान, मार्ग आणि स्वभावसुद्धा बराचसा उलगडतो.

मुक्काम, पाणी, इंधन आणि किरकोळ दुरुस्ती यांची सोय सोबत घेऊन स्वतःच्या वाहनाने विरळ वस्तीच्या भागातून अनेक दिवस केलेला प्रवास, एवढी व्याख्या इथे पुरेशी आहे. अवघड रस्ता त्यात येतो, पण त्याच्यासाठी कोणी निघत नाही. खडकांवर गाडी चढवण्याच्या खेळात दिवसभरात चार-पाच किलोमीटर पार करणे हेच यश मानले जाते. ओव्हरलँडिंग करणारा मात्र तोच खडक टाळून जाता आले तर समाधानी असतो, कारण त्याला गाडी धडधाकट ठेवून पुढचे हजार किलोमीटर गाठायचे असतात.

पूर्वी हा प्रवास मूठभरांचा होता, आणि त्याची कारणे पाहिली की आजची वाढ समजते. जर्मनीच्या क्लेरेनोरे श्टिनेस १९२७ मध्ये फ्रँकफर्टहून आडलर मोटारीने निघाल्या आणि गोठलेले बैकाल सरोवर व अँडीज पर्वत ओलांडून १९२९ मध्ये बर्लिनला परतल्या. सोबत स्वीडिश छायाचित्रकार कार्ल-आक्सेल सॉडरस्ट्रॉम होते. निघताना बरोबर असलेले यंत्रज्ञ मध्येच परतले. या प्रवासाचा भार जर्मन उद्योगांनी उचलला होता. १९५५ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाले आणि १९५६ च्या मार्चमध्ये पोहोचले. त्यांच्याकडे पैसे नव्हते, पण विद्यापीठांचे नाव होते, आणि त्या नावावर त्यांनी गाड्यांपासून खाद्यपदार्थांपर्यंत सगळे कंपन्यांकडून मिळवले. म्हणजे त्या काळात निघायचे तर घरची श्रीमंती, नाहीतर कोणाचा तरी आश्रय, आणि दोन्ही बाबतींत नकाशे, परवाने व सुटे भाग जमवण्यासाठी महिनोन्‌महिने तयारी करण्याची सवड हाती असावी लागे.

१९६० आणि ७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे दक्षिण आशियात येणारी वाट हजारो तरुणांनी जुन्या व्हॅन आणि बसमधून तुडवली. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनी ती बंद पाडली. त्याच सुमारास आफ्रिकेत प्रवासी कंपन्या लष्कराच्या जुन्या ट्रकांत आसने बसवून वीस-वीस लोकांना महिनोन्‌महिने फिरवू लागल्या होत्या. ओव्हरलँडिंगची चर्चा करताना हा वर्ग नेहमी विसरला जातो, याचे मला वाईट वाटते. स्वतःची गाडी नाही, चालवता येत नाही, एकट्याने जायचे धाडस नाही, अशा कितीतरी लोकांनी सहाराची वाळू याच ट्रकांखालून फावड्याने उपसली आहे, आणि माझ्या मते ते पुरेपूर ओव्हरलँडर आहेत.

आता वाढीच्या कारणांकडे वळू. पहिले कारण दिशादर्शनाचे आहे. अमेरिकेने नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकली, आणि सुमारे शंभर मीटरची अनिश्चितता एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. वाळवंटातल्या फाट्यावर शंभर मीटरचा फरक म्हणजे चुकीची वाट. पुढे स्मार्टफोन आले, इंटरनेटशिवाय चालणारे नकाशे आले, आणि मुक्कामाच्या जागा, पाण्याचे नळ, बंद पडलेले पंप, सीमेवरची कागदपत्रे यांची माहिती प्रवासीच एकमेकांसाठी नोंदवू लागले. पूर्वी अनुभवी माणसाच्या ओळखीशिवाय न मिळणारे ज्ञान असे सर्वांपर्यंत पोहोचले.

दुसरे कारण विजेचे आहे, आणि त्याचे महत्त्व बाहेरून पाहणाऱ्याला सहसा जाणवत नाही. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज पूर्वीही होता, पण शिशाच्या बॅटरीची जेमतेम निम्मी क्षमता वापरता येत असे आणि तिचे वजनही फार असे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची बहुतेक क्षमता वापरता येते आणि वजन जवळपास निम्मे होते. मध्यम आकाराचा फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ५० अँपिअर-तास वीज घेतो; म्हणजे शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि एखादे सोलर पॅनेल असेल तर गाडी सुरू न करता एका जागी दोन-तीन दिवस सहज राहता येते. ताजे अन्न आणि औषधे थंड ठेवता येऊ लागली, तेव्हा लहान मुलांचे आईवडील आणि मधुमेहामुळे इन्सुलिन बाळगावे लागणारे लोक या प्रवासाचा विचार करू लागले.

तिसरे कारण वाहनातले आहे. घसरणारे चाक ओळखून त्याला ब्रेक लावणारी आणि शक्ती दुसऱ्या चाकाकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आज बऱ्याच साध्या एसयूव्ही व पिकअपमध्ये मिळते. जे कौशल्य पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावाने येई, त्याचा एक भाग आता गाडीच सांभाळते. याचा धोका असा की चालक आपल्या कुवतीपेक्षा फार आत जातो, आणि तिथे यंत्रणेची मर्यादा संपली की त्याला पुढे काय करावे ते सुचत नाही.

२०२० च्या महामारीने या सगळ्याला जोर दिला. विमाने थांबली, सीमा बंद झाल्या, आणि गर्दीपासून दूर, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या अंथरुणावर झोपण्याची कल्पना लाखो लोकांना एकदमच शहाणपणाची वाटू लागली. दूरवरून काम करण्याची मुभा मिळाली, आणि लगेचच उपग्रहावरून चालणारे वेगवान इंटरनेटही हाताशी आले. तरीही महामारीला एकमेव कारण मानणे मला पटत नाही. अमेरिकेत ओव्हरलँड एक्स्पो हा मेळावा २००९ पासून भरत होता, आणि छतावरचे तंबू, ड्रॉवर व पाण्याच्या टाक्या यांची बाजारपेठ २०२० पूर्वीच उभी राहिली होती. साधने तयार होती. त्या वर्षाने लोकांना ती वापरण्याचे निमित्त दिले.

या लोकांत संख्येने सर्वांत मोठा गट आठवड्याच्या सुट्टीचा आहे. दोन रात्री, फार तर चार. घरापासून काही तासांच्या अंतरावरचा वनरस्ता किंवा नदीकाठ. यांत नोकरदार, छोटे व्यावसायिक, कारागीर, परिचारिका, शिक्षक असे सगळे येतात. काही जुने लोक यांना ओव्हरलँडर मानायला तयार नसतात. त्यांचे म्हणणे असे की देश ओलांडल्याशिवाय हे नाव लावू नये. मला हा हट्ट मान्य नाही, कारण स्वयंपूर्ण राहण्याची शिस्त दोन रात्रींतही तेवढीच लागते, आणि बहुतेक दीर्घ प्रवासी याच गटातून घडतात. एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती वर्गात शिकवताना सतत दिसते: सर्वांत जड आणि सर्वांत जास्त साधनांनी लादलेल्या गाड्या याच गटात असतात. वेळ कमी असतो, उत्साह भरपूर असतो, आणि पुढच्या सुट्टीपर्यंतच्या रिकाम्या आठवड्यांत खरेदी होत राहते.

दुसरा गट दोन ते सहा आठवड्यांचा. हे लोक वर्षभराची रजा साठवून एखादाच मोठा मार्ग निवडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सुमारे १८५० किलोमीटरचा कॅनिंग स्टॉक रूट हे त्याचे उत्तम उदाहरण. गुरे हाकून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विहिरी खोदून तयार केलेली ही वाट शेकडो वाळूच्या टेकड्या ओलांडते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भूमीतून जाण्यासाठी परवाने घ्यावे लागतात, इंधनाची व्यवस्था आगाऊ करावी लागते, आणि वाळूत इंधनाचा खप सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी वाढतो. इथे नुसत्या उत्साहावर भागत नाही. या गटातले लोक तक्ते मांडतात, लिटर मोजतात, दुसऱ्या गाडीच्या सोबतीने जातात, आणि माझ्या पाहण्यात तंत्राच्या बाबतीत सर्वांत काटेकोर तेच असतात.

तिसरा गट आयुष्याच्या सांध्यावर निघणाऱ्यांचा. दोन नोकऱ्यांच्या मधले जोडपे, शिक्षण संपलेला तरुण, मुलांची शाळा एक वर्ष गाडीतूनच चालवायचे ठरवलेले आईवडील. यांची सर्वपरिचित वाट म्हणजे अलास्कापासून अर्जेंटिनाच्या उश्वायापर्यंतचा सुमारे ३०,००० किलोमीटरचा पॅन-अमेरिकन प्रवास. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएनच्या जंगलात सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही, त्यामुळे गाडी जहाजाने न्यावी लागते. खर्च वाटून घेण्यासाठी दोन अनोळखी कुटुंबे एकाच कंटेनरात आपापल्या गाड्या पाठवतात, आणि त्यातून झालेल्या ओळखी पुढे खंडभर टिकतात. या गटात गाड्या हळूहळू हलक्या होत जातात. निघताना घेतलेले जास्तीचे खोके पहिल्या दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या प्रवाशांना देऊन टाकलेले असतात.

चौथा गट निवृत्तांचा आहे, आणि बाजाराच्या जाहिरातींत तो जवळजवळ दिसत नाही. ऑस्ट्रेलियाला वेढणारा सुमारे १४,५०० किलोमीटरचा हायवे वन फिरून येणारे पांढऱ्या केसांचे प्रवासी तिथे एवढे आहेत की त्यांच्यावर दूरच्या गावांचे इंधनपंप आणि दुकाने चालतात. त्यांतले बरेच डांबरी रस्ता सोडत नाहीत, पण काही जण मजबूत ट्रेलर घेऊन किंबर्लीतल्या गिब रिव्हर रोडसारख्या कच्च्या वाटांना लागतात. युरोपात याच वयाचे लोक जुने लष्करी ट्रक विकत घेऊन त्यांवर राहण्याची खोली बांधतात आणि हिवाळा मोरोक्कोत काढतात. घाई नसल्यामुळे या लोकांचे अपघात कमी आणि यंत्राची काळजी जास्त, असे माझे निरीक्षण आहे.

शेवटचा गट अगदी लहान आहे: ज्यांनी प्रवासालाच घर केले. स्वित्झर्लंडचे एमिल आणि लिलियाना श्मिड १९८४ मध्ये टोयोटा लँड क्रूझर घेऊन निघाले आणि दशकानुदशके तीच गाडी चालवत राहिले. जर्मनीचे गुंथर होल्टॉर्फ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत एकाच मर्सिडीज जी-वॅगनने सुमारे नऊ लाख किलोमीटर प्रवास केला. त्या गाडीचे इंजिन अवघे ८८ अश्वशक्तीचे होते, आणि झोपण्यासाठी मागच्या भागात एक गादी होती. नवीन गाडीचे बंपर आधी बदलावे की सस्पेन्शन, असा प्रश्न मला विचारला जातो तेव्हा मी ही गाडी कशी होती ते सविस्तर सांगतो.

या सर्व गटांना छेदून जाणारेही बरेच लोक आहेत. मोटारसायकलवाल्यांची स्वतंत्र आणि जुनी परंपरा आहे; तिथे प्रत्येक किलो खांद्यांना जाणवतो, म्हणून काय सोबत नेऊ नये हे त्यांच्याकडून शिकावे. एकट्याने निघणाऱ्या स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे, आणि उपग्रहावरून मदतीचा संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांचा त्यात मोठा वाटा आहे. पायांनी अधू असलेले आणि हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवून घेतलेले चालकही मी शिकवले आहेत. उंचावरच्या तंबूत चढणे त्यांना शक्य नसते, त्यामुळे झोपण्याची सोय गाडीच्या आतच करावी लागते.

आणि कोण दिसत नाही, याबद्दलही बोलले पाहिजे. काही पासपोर्टांवर खंडच्या खंड व्हिसाशिवाय ओलांडता येतो, तर काहींना प्रत्येक सीमेसाठी महिनाभर आधी अर्ज करावा लागतो आणि तरीही नकार मिळतो. गाडी तात्पुरती देशात नेण्यासाठी अनेक ठिकाणी कार्ने द पासाज हे कागदपत्र लागते. ते देणारा मोटार क्लब गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी मागतो, आणि ती रक्कम काही मार्गांवर गाडीच्या किमतीइतकी किंवा तिच्याहूनही अधिक असू शकते. त्यामुळे दीर्घ आंतरराष्ट्रीय प्रवासात ठराविक देशांचेच लोक बहुसंख्येने दिसतात. याचे कारण धाडसाची कमतरता नाही; दार सर्वांसाठी सारखे उघडलेले नाही, एवढेच.

कुटुंबाला यात जागा आहे का, याचे उत्तर होय असे आहे. पण त्याआधी वजनाचा हिशेब करावा लागेल. समजा, गाडीची भारक्षमता ६०० किलो आहे. दोन मोठी माणसे आणि दोन मुले यांचे २२० किलो धरा. साठ लिटर पाणी म्हणजे ६० किलो, चाळीस लिटर जादा डिझेल म्हणजे सुमारे ३४, छतावरचा तंबू ६५, लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी चरखी) ९०, ड्रॉवर, फ्रिज, बॅटरी व अन्न मिळून ११०. इथेच ५७९ किलो झाले, आणि कपडे, अवजारे, स्वयंपाकाची भांडी, गाडी ओढून काढण्याचे दोर अजून बाकी आहेत. त्यात छताची चालत्या गाडीतली मर्यादा अनेक एसयूव्हींत ७५ ते १०० किलोच असते, आणि तंबूखालचा रॅकच वीस-पंचवीस किलो खातो. मर्यादेबाहेर लादलेल्या गाडीचे ब्रेक उशिरा लागतात, स्प्रिंग तुटतात, ती उतारावर कलंडू शकते, आणि विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून चार जणांच्या कुटुंबाने जड बंपर आणि विंच यांचा मोह सोडावा, जमिनीवरचा साधा तंबू घ्यावा आणि पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन समोरच्या व मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

विंचच्या ऐवजी टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, हवेचा दाब मोजण्याचे चांगले यंत्र, एक फावडे आणि चाकाखाली सरकवण्याच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. टायरमधला दाब रस्त्यावरच्या ३५ पीएसआयवरून १८ च्या आसपास आणला की टायरचा जमिनीला लागणारा भाग लांबतो, आणि वाळूत रुतण्याचे बहुतेक प्रसंग येतच नाहीत. मात्र पुन्हा वेगाने जाण्यापूर्वी हवा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापून फुटतो. आणखी एक सूचना जीवनमरणाची आहे: ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला दोर अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नये. तो गोळा तुटून दोरासकट गोळीसारखा उडतो, आणि त्याने माणसे दगावली आहेत. दोर अडकवायचा तो गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या, त्याच कामासाठी बनवलेल्या हुकाला.

लोकप्रियतेचा भार जमिनीवरही पडतो, आणि मला सर्वांत जास्त चिंता त्याची वाटते. कोरड्या प्रदेशांत मातीवर शेवाळ, बुरशी आणि सूक्ष्मजीव यांची एक जिवंत साय असते. ती माती धरून ठेवते आणि वाऱ्याने उडू देत नाही. एका गाडीची चाकोरी ती मोडते आणि भरून यायला दशके लागतात. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी चालवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि नॉर्वेसारख्या देशात मोकळ्या निसर्गात फिरण्याचा जो परंपरागत हक्क आहे तो पायी चालणाऱ्याचा आहे, मोटारीचा नाही. अमेरिकेतल्या मोआब परिसरात पूर्वी कुठेही तंबू ठोकता येई; गर्दी वाढल्यावर अनेक भागांत ठरवून दिलेल्याच जागी राहण्याचा आणि शौचासाठी वाहून नेता येणारी सोय सोबत बाळगण्याचा नियम आला. नवीन येणाऱ्यांवर याचा सगळा दोष टाकणे अन्यायाचे आहे, कारण मुक्कामाच्या नाजूक जागांचे अचूक ठिकाण सर्वांसमोर मांडणारे बहुधा अनुभवी लोकच होते. मी स्वतः आता लहान झरे आणि गवताळ मुक्कामांची ठिकाणे नोंदवत नाही. मोठ्या, टणक जमिनीच्या आणि वापर सोसू शकणाऱ्या जागा तेवढ्या सांगतो.

प्रश्नकर्त्या कुटुंबाने सुरुवातीला आहे तीच गाडी घ्यावी, तिचे टायर चांगले असल्याची खात्री करावी, आणि दोन रात्रींचा, एका बाजूला नेहमी पक्का रस्ता जवळ असलेला मार्ग निवडावा. पिण्यासाठी प्रत्येकी दिवसाला किमान चार-पाच लिटर पाणी आणि त्यावर एका पूर्ण दिवसाचा साठा ठेवावा. मुले सोबत असतील तर दिवसाला चार तासांहून अधिक गाडी चालवू नये, आणि अंधार पडण्याच्या दोन तास आधी थांबावे, म्हणजे तंबू लावणे आणि स्वयंपाक ही कामे मुलांनाही हातात घेता येतात. परत आल्यावर गाडीतून काढलेल्या ज्या वस्तूंना हातही लागला नाही त्या बाजूला ठेवाव्यात. प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक आणि दुरुस्तीची अवजारे वगळता त्यांतले काहीही पुढच्या खेपेला गाडीत जाऊ देऊ नये. असे तीन-चार प्रवास झाले की कोणत्या गोष्टीची खरोखर उणीव भासते ते कळते, आणि पहिली मोठी खरेदी तेव्हाच करावी.